एक जानेवारी, रात्रीचे बारा

शिवकांता बिरादार मशीन घेऊन आली
लुनाच्या मागं, दुधाच्या कॅनच्या दोरीनं बांधून.
देवणीवरून उदगीर, मे महिना, दुपारचा दीड.
"लई हळू चालायलंय हो.
लातूरचा माणूस म्हणला, भंगारात घाला."

मी केबल लावली, बटण दाबलं
आणि लगेच डिलीट, डिलीट, डिलीट,
दाराची कडी वाजवावी तसं.
ती दचकली. "डिलीट काहून दाबायलाव?
वलांडीच्या लग्नाचे फोटो हायत आत,
अजून पैसे यायचेत."
म्हणलं, काही पुसत नाही. आत जायचं दारच हे,
नाव कुणी ठेवलं देवाला ठाऊक.

निळा पडदा. विंडोज अजून झोपेत.
भाषा निवडा म्हणतो: इंग्रजी, जर्मन, रशियन,
चिनी तर दोन तऱ्हेच्या.
आमच्या बाजारात चार भाषांत भाव होतो,
त्यातली एकही नाही.
कोपऱ्यात तारीख: एक जानेवारी, दोन हजार एकोणीस,
बारा वाजून चार मिनिटं.

"रात्री मेन स्विच पाडता?"
"हाव. लाईट लई कमी-जास्त होतो."
म्हणजे रोज रात्री ते सगळं विसरायचं
आणि सकाळी नव्यानं जन्माला यायचं.

मी वही काढली. आधी जुनं लिहायचं, मग हात लावायचा.
हे खय्यूमभाईंचं. रेडिओ दुरुस्त करायचे ते
किल्ल्याच्या रस्त्यावर.
"एक टैम पे एकइच चीज बदल, बेटा,
नई तो मालूम कैसा होना, कौनसी दवा लगी."

मशीन उठल्याउठल्या डीव्हीडी शोधायचं,
जी तिनं दोन वर्षांमागंच काढून टाकलेली.
मग नेटवर्कला हाका मारायचं,
मग कुठं आठवायचं, डिस्क तर घरातच आहे.
डिस्क वर घेतली.

रॅमच्या अंगावर छापलेलं बत्तीसशे,
चालत होती एकवीसशे तेहेतीसनं.
एका ओळीत प्रोफाइल निवडायचं, एवढंच होतं.
"पैसे तर बत्तीसशेच घेतले की हो," ती म्हणाली.

पंखा 'सायलेंट'वर.
ज्यानं ही ओळ लिहिली त्याच्या खिडकीत बर्फ असावा.
इथं पत्र्याखाली पंचेचाळीस.
प्रोसेसर तापायचा आणि पाय आखडता घ्यायचा.
पंखा साठ अंशाला मोकळा सोडला.
आवाज करील. करू दे,
तिचं दुकान पिठाच्या गिरणीला लागून आहे.

इथंच थांबायला पाहिजे होतं.
पण ती बघायली होती, आणि मला शहाणपण सुचलं.
वेग जरा ओढू म्हणलं. तीन आकडे एकदम बदलले.
एफ दहा. होय.

पडदा काळा.
पंखा फिरतोय, दिवा जळतोय, आत कुणी नाही.
ती काही बोलेना, त्यानं जास्त घाम आला.
बरं झालं भाई बघायला नव्हते.

पोटात हात घालून नाणं काढलं,
तीन व्होल्टचं, आता दीडही नसेल.
दोन पिनांवर स्क्रूड्रायव्हर टेकवला,
दहापर्यंत मोजलं. सातनंतर फार हळू.
नवं नाणं बसवलं.

बीप. एकच.

वही उघडून पुन्हा सगळं भरलं,
एकेक, दर खेपेला बंद-चालू करून. ओढाताण सोडून.
तारीख घातली आजची, मंगळवार.

अल्बम उघडला, तिचा चहा बशीत ओतून होईस्तोवर.
तिनं फोल्डर खाली खाली सरकवलं:
वलांडी, हणेगाव, निलंगा, बिदरचं एक.
सतरा नवऱ्या,
आणि सगळ्यांसमोर एकच,
एक जानेवारी, रात्रीचे बारा.

"तारखा सुधरून देऊ?"
ती ओढणीनं पडद्यावरची धूळ पुसत हसली.
"राहू द्या. स्वामींनासुद्धा
एवढा मोठा मुहूर्त सापडला नसता."

एकशे ऐंशी रुपये. दहा तिनं कमी केले.
जुनं नाणं मागायली, लेकराला खेळायला.
म्हणलं नको, गिळतंय,
आणि डबीत टाकलं.